पुण्यातली ऑफिस बिल्डिंग: लॉबी, पॅसेज आणि टॉयलेट नव्याने करताना क्रम काय धरावा?

असोसिएशन_सचिव

नमस्कार मंडळी,

पुण्यातली तळमजला अधिक सहा मजल्यांची व्यावसायिक इमारत आहे, २००१ साली पूर्ण झालेली. नोंदणी अपार्टमेंट कायद्याखाली, म्हणजे सोसायटी नाही, असोसिएशन आहे. खाली आठ दुकानं, वर छत्तीस ऑफिसं. निम्म्याहून जास्त गाळे भाड्याने दिलेले आहेत.

सामायिक जागा अशी: तळमजल्याची लॉबी ९ × ५ मीटर. वरच्या प्रत्येक मजल्यावर २२ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद पॅसेज. आठ माणसांच्या दोन लिफ्ट, दोन जिने, आणि प्रत्येक मजल्यावर स्त्री-पुरुष टॉयलेट, सगळी एकाखाली एक. पॅसेजमध्ये मूळची मोझॅक लादी, भिंतींना ऑइल पेंट, वर उघड्या केबली आणि स्प्रिंकलरची लाइन.

डिझायनरने दिलेल्या आराखड्यात मोझॅकवरच ६०० × १२०० च्या व्हिट्रिफाइड टाइल, पॅसेजला प्लायवर लॅमिनेट लावून पूर्ण उंचीचं पॅनेलिंग, जिप्समचं फॉल्स सीलिंग, लिफ्टमध्ये ग्रॅनाइट आणि आरसा, लॉबीत फ्लॅप बॅरिअर (कार्ड दाखवल्यावर फळ्या उघडणारं फाटक), आणि मागच्या जिन्याच्या लँडिंगवर प्रत्येक मजल्याला कॉफी कॉर्नर आहे. ऑफिसं चालू ठेवून काम करायचं आहे.

प्रश्न दोन. यातलं काय पुढे त्रास देईल आणि कामाचा क्रम काय लावावा? आणि खालचे दुकानदार म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही, लॉबी वापरत नाही, वर्गणी देणार नाही. खर्चाची वाटणी कशी करायची?

पाणसळ

टाइल कुठली हे सगळ्यात शेवटी ठरवा. आधी फरशीची पातळी ठरवा, कारण निम्मा आराखडा तिच्यावर अवलंबून आहे.

मोझॅकवर टाइल चढवली की ९ मिमी टाइल आणि ४ ते ६ मिमी अ‍ॅडहेसिव्ह मिळून फरशी साधारण १५ मिमी वर येते. जिन्याच्या पायऱ्या मात्र जिथल्या तिथेच राहतात. पायरी १५० मिमीची असेल तर पॅसेजमधून वर जाताना पहिली पायरी १३५ ची होते आणि खाली उतरताना पहिलीच १६५ ची. पाय सवयीने पडतो, आणि उतरताना जिथे जमीन असेल असं वाटतं तिथे ती नसते. जिन्यालाही तेवढीच जाडी चढवायची म्हटली तर ती सगळ्या पायऱ्यांना आणि मधल्या लँडिंगना चढवावी लागेल, आणि मग कठड्याची उंची तेवढीच कमी होईल.

लिफ्टपाशी याहून वाईट. आज दाराचं सिल, म्हणजे दार ज्या खोबणीत सरकतं ती उंबऱ्याची पट्टी, फरशीच्या बरोबरीने किंवा किंचित वर असणार. फरशी वर आली की सिल खड्ड्यात जातं आणि पुसण्याचं पाणी सरळ शाफ्टमध्ये उतरतं. शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये, पाणी साचलं की तिथले स्विच आणि बफर गंजतात. लँडिंगचं सिल उचलणं म्हणजे दाराची अख्खी चौकट हलवणं, तेही दर मजल्यावर दोन दारांची. छत्तीस ऑफिसांची जी दारं बाहेर उघडतात ती खालून तासावी लागतील. जिन्याच्या फायर डोअरला तर करवत लावायचीच नाही. जागेवर कापलेल्या फायर डोअरचं प्रमाणपत्र संपतं.

मग लादी उखडायची का? त्याचाही हिशोब करा. २५ मिमी लादी आणि खालचा ४०-५० मिमी माल मिळून चौरस मीटरला जवळपास १५० किलो. पॅसेज ४० चौरस मीटरचा, म्हणजे एका मजल्याचा सहा टन राडारोडा. ३० किलोचं पोतं धरलं तर दोनशे पोती, आणि सहा मजल्यांची बाराशे. आठ माणसांची लिफ्ट ५४४ किलोची असते. तिच्यातून हे उतरवलं तर काम संपेपर्यंत सिलच्या खोबणीत खडी अडकून दारं बिघडलेली असतील.

म्हणून माझं स्पष्ट मत: पॅसेजची मोझॅक ठेवा आणि तिला घासून पॉलिश करा. २००१ सालच्या लादीच्या वरच्या थरात ५-६ मिमी चिप्सचा माल असतो, त्यातला एक-दीड मिमी गेला तरी काही बिघडत नाही. आधी लाकडी हातोडीने प्रत्येक लादी ठोकून पाहा, पोकळ वाजते तिच्यावर खडूने खूण करा. त्या बदलायला जुन्याच लाद्या लागतील. मीटर रूम किंवा पॅसेजच्या टोकाच्या स्टोअरमधून काढून घ्या आणि तिथे साधी फरशी टाका. बाजारात त्याच चिप्सची लादी आता जुळणार नाही.

मग पहिला घास ५०-६० नंबरच्या खरबरीत घासदगडाने. त्यानंतर सगळे सांधे पांढरं सिमेंट आणि जुळता रंग कालवून भरायचे आणि तीन-चार दिवस ओले ठेवायचे. ही पायरी कंत्राटदार हमखास गाळतो आणि मग वर्षभरात सांध्यांत काळी रेघ दिसते. पुढे १००, २००, ४००, ८०० असं चढत जायचं. पॅसेजसाठी ८०० वर थांबा, त्याच्या वरची चकाकी पावसाळ्यात ओल्या चपलांना घसरवते. शेवटी आत मुरणारा सीलर. मेण नको.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची: घासताना निघणारी राखाडी राड टॉयलेटच्या नहाणीत ओतू द्यायची नाही. ती ट्रॅपमध्ये बसून दगडासारखी होते. वेट व्हॅक्यूमने ओढून पिंपात भरायची आणि निवळून गाळ पोत्यात टाकायचा, हे कंत्राटात लिहा.

जिना_मोकळा

पातळीबद्दल वर सांगितलं आहेच, मी फक्त आगीच्या बाजूने लिहितो.

कॉफी कॉर्नर आजच आराखड्यातून काढा. जिना आणि त्याचं लँडिंग हा सुटकेचा मार्ग आहे. तिथे ओटा, केटल, फ्रिज, कचऱ्याचा डबा, काहीही नको. व्यावसायिक इमारतीला नॅशनल बिल्डिंग कोड जिना किमान १.५ मीटर रुंद मागतो. लँडिंगवर ६०० मिमी खोल ओटा आला की उरलेल्या जागेतून दोन माणसं शेजारी-शेजारी उतरू शकत नाहीत, आणि आग लागायला एक केटल पुरते. मागचा जिना रोज कोणी वापरत नाही म्हणून तो अडगळीचा वाटतो, पण पुढचा धुराने भरला की तोच उरतो. कॉफी हवी असेल तर टॉयलेटच्या बाजूची एखादी स्टोअर रूम पाहा, तिथे पाणी आणि निचरा दोन्ही जवळ असतात.

प्लायवर लॅमिनेटचं पॅनेलिंग पॅसेजमध्ये नको. २२ मीटर लांब बोळात दोन्ही बाजूंना जळणारा पृष्ठभाग म्हणजे ज्या वाटेने लोक बाहेर पडणार तीच पेटणार. शिवाय पॅनेलमागे २५-४० मिमी पोकळी राहते आणि ज्वाळा तिच्यातून न दिसता पुढे सरकतात. भिंतीला चिकटून फायबर सिमेंट बोर्ड किंवा १.२ मीटर उंचीपर्यंत टाइलचा डॅडो (भिंतीच्या खालच्या भागाचं आवरण), वर चांगला धुता येणारा रंग. ट्रॉल्या आणि बॅगा आपटतात तो भाग तेवढाच असतो. पूर्ण उंचीच्या लाकडाचा मोह लॉबीतल्या एका भिंतीपुरता ठेवा, तिथेही आग-प्रतिबंधक दर्जाचं प्रमाणपत्र मागून. आणि होज रील, लँडिंग व्हॉल्व्ह, मॅन्युअल कॉल पॉइंट पॅनेलिंगच्या दाराआड लपवायचे नाहीत. डिझायनरला लाल पेटी खुपते, पण ती दिसलीच पाहिजे.

फॉल्स सीलिंगमुळे स्प्रिंकलर बदलावे लागतात, हे अंदाजपत्रकात बहुतेक सुटलेलं असेल. आजचे हेड (पाणी फवारणारी तोंडं) छताजवळ आहेत. खाली सीलिंग आलं की ते पोकळीत अडकतात, धूर-उष्णता खाली आणि हेड वर. प्रत्येक ठिकाणी ड्रॉप पाइप घेऊन सीलिंगच्या पातळीवर नवा ६८ अंशांचा हेड लावावा लागेल. पोकळी ८०० मिमीपेक्षा जास्त असेल तर वरचेही ठेवायचे. त्यासाठी त्या मजल्याची लाइन रिकामी करून, काम झाल्यावर दाबाखाली तपासून मगच सीलिंगचे बोर्ड लावायचे. उलट क्रमाने केलं तर पहिल्या गळतीत नवं जिप्सम खाली येतं.

हे काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्या. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, द्यावा लागतो. जूनमध्ये अर्धवट उघडी लाइन असेल तर जुलैचा फॉर्म अडकतो. कामाचं वेळापत्रक लावताना हे महिने समोर ठेवा.

फ्लॅप बॅरिअर चालेल, पण फायर अलार्म वाजला किंवा वीज गेली की त्याच्या फळ्या आपोआप उघड्या राहिल्या पाहिजेत. शेजारी ९०० मिमीचं फाटक व्हीलचेअरसाठी हवंच. जिन्याच्या दारांना कोणी मॅग्नेटिक लॉक सुचवलं तर तीच अट लावा. शेवटचं: केबली शाफ्टमधून नव्याने ओढल्या की स्लॅबला पडलेली भोकं पीयू फोमने बुजवतात. तो फोम जळतो. फायर स्टॉप मॉर्टर किंवा सीलंटच वापरायचं.

पाना_आणि_पाइप

टॉयलेट शेवटी ठेवू नका, सगळ्यात आधी घ्या. त्यांची तोडफोड, राडारोड्याची पोती आणि गळतीची भीती संपल्यावरच पॅसेजला हात लावायचा.

सगळी एकाखाली एक आहेत, त्यामुळे मजल्या-मजल्याने काम करता येतं असं वाटतं. नळाच्या फांद्या आणि फरशी तशी होते, पण मैल्याची उभी लाइन बदलताना ती पूर्ण रांग बंद ठेवावी लागते, सहाव्यापासून खालपर्यंत. म्हणून आधी पुरुषांची उभी रांग, मग स्त्रियांची. पहिल्या टप्प्यात स्त्रियांचीही दोन मजल्यांची टॉयलेट पुरुषांना द्यावी लागतील. कुठले मजले, हे दाराबाहेर मोठ्या पाटीवर लिहा. उभ्या लाइनचं काम शनिवारी दुपारी सुरू करून रविवारी रात्री जोडणी संपेल इतकंच एका वेळी घ्या. २००१ सालच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) नळांत आतून गंजाचा थर असणार. वरची फिटिंग बदलून आतले नळ तसेच ठेवले तर नव्या सेन्सर नळांची जाळी महिन्याभरात तुंबते. सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) नळ टाका.

फ्लश व्हॉल्व्ह घेण्याआधी टाकीची उंची मोजा. त्याला बऱ्यापैकी दाब लागतो. तळाच्या मजल्यावर तो मिळतो, सहाव्या मजल्यावर टाकीच्या तळापासून तीन-चार मीटरच मिळतात आणि फ्लश अर्धवट होतो. वरच्या दोन मजल्यांवर ३/६ लिटरच्या ड्युअल फ्लश टाक्याच लावा. लपवलेली टाकी घेत असाल तर पुढची प्लेट काढून आतला व्हॉल्व्ह बाहेर येतो ना, हे दुकानातच पाहा.

वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून ४८ तास ठेवायचं आणि खालच्या मजल्याचं छत रोज पाहायचं. ही चाचणी फरशी लावण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. कोटिंग भिंतीवर किमान ३०० मिमी चढवा. गळती मधोमध क्वचितच होते. नहाणी ट्रॅपच्या गळ्याभोवती आणि पाइप स्लॅबमधून जातो तिथे होते. तिथे आधी नॉन-श्रिंक ग्राउट भरा, मग कोटिंग. फरशीला १:८० चा उतार पुरे.

तळमजल्यावर दिव्यांगांसाठी एक टॉयलेट काढा. आत २.२ × २.० मीटर जागा, ९०० मिमी मोकळं आणि बाहेर उघडणारं दार, कमोडची बैठक ४५० ते ४८० मिमी उंच, दोन्ही बाजूंना पकडदांडे. दांडे ड्रायवॉलवर लावायचे नाहीत, मागे वीट किंवा काँक्रीट हवं. मात्र टॉयलेटची जागा बदलायची किंवा नवीन काढायची तर महापालिकेची परवानगी लागेल. फक्त आतली फिटिंग आणि फरशी बदलणं वेगळं.

असोसिएशन_सचिव

खूप उपयोगी. कॉफी कॉर्नर काढायचं आजच कळवतो. दोन शंका. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर कोणीतरी केबलसाठी मोझॅकमध्ये चर खणून वर सिमेंट फासलं आहे, साधारण १०० मिमी रुंद आणि अख्ख्या पॅसेजभर. तिथे पॉलिशने काय होणार? आणि वर्गणीचं कोणी सांगेल का?

गिलावा

पॉलिशच्या सल्ल्याशी मी अर्धाच सहमत आहे. इतक्या लांब चराला पॉलिश करून चालणार नाही. सिमेंटचा पट्टा लादीपेक्षा वेगाने झिजतो आणि घासल्यावर उठून दिसतो. त्या दोन मजल्यांवर पट्ट्याच्या दोन्ही बाजूंची लादी सांध्यापर्यंत सरळ काढा, म्हणजे ३०० मिमीची एक पूर्ण ओळ. तिथे गडद रंगाची, त्याच जाडीची ओळ बसवा आणि तीच सहाही मजल्यांवर चालवा. मग ती डिझाइन वाटते. केबल मात्र खालून वर काढून सीलिंगमधल्या ट्रेमध्ये न्या, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा हातोडा.

लॉबीची गोष्ट वेगळी. तिथे लादी उखडाच, राडारोडा दारातूनच बाहेर जातो. ४५ चौरस मीटरला ७ टक्के वाया धरून ३४ बॉक्स लागतील, कारण ६०० × १२०० च्या बॉक्समध्ये दोनच टाइल म्हणजे १.४४ चौरस मीटर येतात. वर तीन बॉक्स राखून ठेवा. सगळ्या ३७ बॉक्सवर एकच बॅच आणि शेड नंबर आहे हे ट्रकमधून उतरवतानाच पाहा.

टाइल मॅट घ्या, मुख्य दाराजवळ आणखी खरबरीत. दाराच्या आत दोन मीटर लांब पायपुसण्यासाठी फरशीतच १५-२० मिमी खोल चौकट सोडा. जून ते सप्टेंबर लॉबी कोरडी राहील ती त्यामुळे. लांब टाइल मधोमध थोडी फुगीर असते, म्हणून विटेसारखी निम्म्यावर सांधा देऊ नका. शेजारच्या टाइलचं टोक नेमकं फुगवट्यापाशी येऊन कडा वर राहते आणि अडखळायला होतं. एक-तृतीयांश किंवा सरळ जोड द्या. अ‍ॅडहेसिव्ह आयएस १५४७७ च्या खुणेचं, १० मिमी दात्याच्या थापीने, आणि टाइलच्या पाठीलाही पातळ थर. गवंडी पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबत असेल तर तिथेच थांबवा. कोपऱ्यांखाली पोकळी राहते आणि पार्सलच्या ट्रॉलीचं चाक गेलं की कोपरा तुटतो.

खतावणी

वर्गणीचं. इमारत महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट १९७० खाली असेल तर उत्तर तुमच्या डीड ऑफ डिक्लरेशनमध्येच, म्हणजे इमारतीच्या नोंदणीकृत घोषणापत्रात, लिहिलेलं आहे. प्रत्येक गाळ्यासमोर सामायिक जागेतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत दिलेला असतो आणि सामायिक खर्च त्याच प्रमाणात वाटायचा. मी वापरत नाही म्हणून देत नाही, ही सवलत कायदा देत नाही. वापर सोडून दिला तरी वाटा सुटत नाही. ते टक्के बैठकीत हात वर करून बदलताही येत नाहीत, त्याला सगळ्या मालकांची संमती आणि डिक्लरेशनची दुरुस्ती लागते.

पण आधी त्याच दस्तात मर्यादित सामायिक जागा म्हणून काय लिहिलं आहे ते वाचा. वरच्या मजल्यांचे पॅसेज किंवा टॉयलेट काही गाळ्यांपुरते राखलेले असतील तर दुकानदारांचं म्हणणं तेवढ्यापुरतं विचारात घ्यावं लागेल. बैठकीला जाताना नोटिशीसोबत तीन वेगळे तक्ते जोडा: लॉबी आणि आगीची यंत्रणा, पॅसेज, टॉयलेट. एकच मोठा आकडा दिला की वाद वाढतो. दुकानदारांना आगीच्या कामाचं महत्त्व सांगा, त्यांच्याच डोक्यावर सहा मजले आहेत.

मागणी मालकाच्या नावे पाठवा, भाडेकरूच्या नाही. भाडेकरूने भरायचं की नाही हे त्या दोघांच्या करारावर. वर्क्स कॉन्ट्रॅक्टवर १८ टक्के जीएसटी आहे, कंत्राटदाराचा दर त्यासह की त्याशिवाय हे तुलनेच्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात ठेवा. आणि १० टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवा.

पाणसळ

चराबद्दल गिलावा यांचं पटलं, पूर्ण ओळ काढणंच बरोबर. मी चर धरलेच नव्हते.

दोन राहिलेल्या गोष्टी. लिफ्टमधला ग्रॅनाइट: आठ माणसांची केबिन साधारण १.३ × १.१ मीटर. २० मिमी ग्रॅनाइट चौरस मीटरला ५४ किलो, म्हणजे नुसत्या तळाचे ७७ किलो, एका माणसापेक्षा जास्त. आरसा आणि स्टीलचे पत्रे वेगळे. काउंटरवेट (केबिनला तोलणारं वजन) जुन्या केबिनच्या वजनावर बसवलेलं आहे. हा भार वाढला की समतोल बिघडतो, ब्रेक आणि दोरांवर ताण येतो आणि ओव्हरलोड आधीच वाजायला लागतो. २-३ मिमीचं व्हिनाइल घाला, आरसा हवाच असेल तर मागच्या भिंतीवर अर्ध्या उंचीचा. आणि जे काही घालाल ते लिफ्ट देखभाल करणाऱ्या कंपनीकडून वजनासकट लेखी घेऊन.

उजेड: पॅसेजला फरशीवर १०० लक्स पुरतात. ४० चौरस मीटरला ४,००० ल्युमेन. भिंती-छतात जाणारा आणि धुळीने घटणारा उजेड धरून दिव्यांतून १०,००० निघाले पाहिजेत. १२ वॉटचे नऊ डाउनलाइट, साधारण २.४ मीटर अंतराने. १५ वॉटचे सातही चालतात, पण मध्ये काळोखाचे पट्टे दिसतात. ४००० केल्विन घ्या, सगळ्या मजल्यांना एकाच कंपनीचे. मोशन सेन्सर लावा, पण प्रत्येक तिसरा दिवा कायम चालू आणि बॅटरीवर. फॉल्स सीलिंग जिप्समचं अखंड करू नका. जिथे व्हॉल्व्ह, जंक्शन बॉक्स, केबल ट्रेचं वळण आहे तिथे ६०० × ६०० चं उघडणारं पॅनल ठेवा, आणि त्यांच्या जागा नकाशावर मांडल्याशिवाय सीलिंगवाल्याला आत घेऊ नका.

मग क्रम असा येतो: टॉयलेटची पुरुषांची रांग, स्त्रियांची रांग, केबली वर ट्रेमध्ये, स्प्रिंकलर ड्रॉप आणि चाचणी, सीलिंग, भिंती, आणि सगळ्यात शेवटी मोझॅकचा घास. मजले वरून खाली घ्या, म्हणजे राडारोडा तयार झालेल्या मजल्यावरून जात नाही. लॉबी सगळ्यात शेवटी, अर्धी-अर्धी, मधे २.४ मीटर उंच बोर्डाचं कुंपण घालून. दोन्ही टप्प्यांत जिन्यापासून रस्त्यापर्यंत किमान दीड मीटरची मोकळी वाट राहते का, हे चुन्याच्या रेघेने फरशीवर आखून आधीच पाहा.